बिलावर ‘फिजिओथेरपी’ लिहून द्यावे का?

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी गेली नऊ वर्षे स्वतःचे केंद्र चालवणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) भगिनीचे हे पत्र आहे. आजारामुळे किंवा इजेमुळे रोजची कामे अडलेल्या माणसाला ती पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. सकाळी त्यांच्याकडे स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी असलेली मुले येतात. दुपारनंतर पक्षाघाताचे आणि हाताच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण येतात. अलीकडे सुतारकामाचे स्वतःचे दुकान असलेल्या एका तरुणाचा हात यंत्रात सापडून दोन बोटांच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) तुटल्या. शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीने दिला, पण त्यानंतरच्या ऑक्युपेशनल थेरपीचा क्लेम ‘पुनर्वसनाचा खर्च देय नाही’ एवढेच लिहून नाकारला. आता त्याचे वडील म्हणतात, “मॅडम, बिलावर फिजिओथेरपी लिहून द्या, मग पैसे मिळतात.” गावातले काही जण तसे लिहून देतात, असेही त्यांच्या कानावर आहे. जिल्हा रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञाचे पद असावे असा अर्ज घेऊन त्या गेल्या, तेव्हा टेबलावरच्या कारकुनाने “व्यवसाय प्रशिक्षण आयटीआयमध्ये असते” असे सांगून त्यांना परत पाठवले. त्या विचारतात : मी खोटे लिहू, की रुग्ण गमावू? सरकार आणि विमा कंपन्यांशी भांडणे हे संघटनेचे काम नाही का? आणि मी स्वतः गेले, तर ते माझ्याच धंद्यासाठी मागितल्यासारखे दिसणार नाही का?

नमस्कार.

बिलावर ‘फिजिओथेरपी’ लिहू नका, हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे पुढचे बोलणे मोकळेपणाने करता येईल. तुमची नोंदणी राज्य परिषदेकडे व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून आहे आणि तुम्ही जे उपचार केले तेच तुमच्या सहीखाली असायला हवे, हा एक भाग झाला. दुसरा भाग त्या तरुणाच्या हिताचा आहे, आणि तो वडिलांना समजावून सांगायला हवा. क्लेमसाठी दिलेला कागद खोटा ठरला, तर तो केवळ थेरपीच्या काही हजारांचा प्रश्न राहत नाही. सगळी पॉलिसीच अडचणीत येऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की जुनी माहिती लपवल्याचे कारण दाखवून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, हे संरक्षण अलीकडच्या नियमांनी दिले आहे, पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षणही मिळत नाही. तुमच्या सुताराने वर्षानुवर्षे भरलेला हप्ता एका चुकीच्या शब्दावर टांगणे योग्य नाही.

तिसरे कारण आपल्या सगळ्यांचे आहे. विमा कंपनीला ऑक्युपेशनल थेरपी कळते ती तिच्याकडे आलेल्या कागदांतूनच. ज्या गावातून ऑक्युपेशनल थेरपीचे एकही बिल कधी येत नाही, त्या गावात ही थेरपी होतच नाही, असे तिच्या नोंदी सांगतात. तुम्ही नाकारल्या गेलेल्या क्लेमबद्दल लिहिले आहे. पण दुसऱ्याच नावाने मंजूर झालेला प्रत्येक क्लेमही आपल्या पेशाला त्या नोंदींतून पुसून टाकतो.

आता तुमच्या पत्रातले एक गृहीत तपासून पाहू. ‘विमा कंपन्या ऑक्युपेशनल थेरपी मानत नाहीत, फिजिओथेरपी मानतात’ असे तुम्ही लिहिता. माझा अनुभव वेगळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या असतात. दाखल होण्याआधीचे काही दिवस आणि डिस्चार्जनंतरचे काही दिवस त्याच आजाराचा खर्च मिळतो. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ते आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस आहेत. या मुदतीत, शल्यविशारदाने लिहून दिलेली फिजिओथेरपी मंजूर होते ती तिच्या नावामुळे नव्हे, तर ती त्याच उपचाराचा पुढचा टप्पा म्हणून. मुदत संपली, किंवा रुग्ण दाखलच झाला नव्हता, तर फिजिओथेरपीचे बिलही तसेच परत येते. म्हणजे वडिलांना ज्या शब्दाचा एवढा भरवसा वाटतो, त्या शब्दात ती ताकद नाही. ताकद आहे ती तारखांमध्ये आणि डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीत.

मग तुमचा क्लेम का अडला? नाकारल्याच्या पत्रात बहुधा पॉलिसीतल्या एका ठरलेल्या अपवादाचा आधार असेल. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये सगळ्या आरोग्य पॉलिसींतले अपवाद एकसारखे केले, त्यांना संकेतांक दिले. त्यातला पाचवा अपवाद विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरत्या देखभालीचा. मथळ्यात ‘पुनर्वसन’ हा शब्द आहे, आणि टेबलावरचा माणूस पुष्कळदा मथळ्यापाशीच थांबतो. तुम्ही खालचा मजकूर वाचा. ज्या वेळी दाखल होण्याचा मुख्य हेतू सक्तीची विश्रांती हा असतो, उपचार घेणे हा नसतो, त्या वेळचा खर्च देय नाही, असे तिथे आहे. त्यातच आंघोळ, कपडे, हालचाल अशा रोजच्या कामांत घरी किंवा शुश्रूषागृहात मिळणारी मदतही धरली आहे.

इथे थोडे थांबू या, कारण आपण सगळे वर्षानुवर्षे इथेच अडखळतो आहोत. तुमच्या बिलाची प्रत तुम्ही पाठवली आहे. तिच्यावर ‘एडीएल ट्रेनिंग, १२ सत्रे’ एवढेच आहे. एडीएल म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्हिटीज ऑफ डेली लिव्हिंग’, रोजच्या जगण्यातली कामे. कॉलेजात पहिल्या वर्षापासून आपण ही तीन अक्षरे घोकतो, त्यामुळे ती आपल्याला पुरेशी वाटतात. पण त्या अपवादात जी शब्दयोजना आहे, ती नेमकी हीच : रोजच्या जगण्यातली कामे. क्लेम तपासणाऱ्याने समोर तो मजकूर ठेवला आणि तुमचे बिल पाहिले, तर त्याला दोन्हीकडे एकच शब्द दिसतो. त्याच्या डोळ्यांसमोर आंघोळ घालणारी आया उभी राहते. रुग्णाचे काम दुसऱ्याने करून देणे ही देखभाल, आणि त्याच्या तुटलेल्या हाताने ते काम पुन्हा करता यावे म्हणून त्या हातावर उपचार करणे ही थेरपी. हा फरक आपल्या बिलावर कुठेच लिहिलेला नसतो.

त्या तरुणासाठी बिलासोबत एक पानाचे पत्र जोडा. त्याचा सूर साधारण असा असावा :

“रुग्णाच्या उजव्या हाताच्या तर्जनी व मध्यमेच्या वाकवणाऱ्या कंडरांची शस्त्रक्रिया अमुक तारखेला झाली. शिवलेली कंडरा पहिले काही आठवडे कमकुवत असते. बोट अनियंत्रित हलले तर ती तुटते, आणि अजिबात हलले नाही तर भोवतालच्या ऊतींना चिकटून बोट वाकेनासे होते. या दोन्ही धोक्यांसाठी मापाने बनवलेला स्प्लिंट (बोटांना आधार देणारे साधन) आणि देखरेखीखाली ठरावीक हालचाल हा त्याच शस्त्रक्रियेच्या उपचाराचा भाग आहे आणि शल्यविशारदांनी डिस्चार्जच्या वेळी तो लेखी सांगितला आहे. पहिल्या दिवशी तर्जनीचे टोक तळव्यापासून इतके सेंटिमीटर दूर राहत होते, आज इतके राहते. उपचार रुग्णालयात दाखल न होता, केंद्रात, प्रशिक्षित व नोंदणीकृत व्यवसायोपचारतज्ज्ञाने केले आहेत. यात देखभालीची किंवा शुश्रूषेची कोणतीही सेवा नाही.”

सेंटिमीटरचे आकडे तुमच्या नोंदवहीत असणारच. ते घाला. त्याखाली एकच वाक्य त्याच्या कामाबद्दल लिहा : रंधा धरताना तर्जनीने दाब देता येतो की नाही, पटाशी हातातून सुटते की नाही. क्लेम तपासणारा डॉक्टर असला तरी तो माणूसच आहे. ‘कार्यक्षमता सुधारली’ यापेक्षा हातात टिकलेली पटाशी त्याला लवकर दिसते. हे पत्र इंग्रजीत जाईल हे मला माहीत आहे. पण आधी मराठीत लिहून पाहा, म्हणजे आपल्याच कानांना कुठे परिभाषा झाली ते कळते.

माझ्या रुग्णालयातल्या नोकरीच्या काळातला एक प्रसंग सांगते. पक्षाघातानंतर डाव्या हाताने भाकरी थापता येत नाही म्हणून रडणाऱ्या एका काकूंचा क्लेम एका विमा कंपनीने असाच एका ओळीत परत पाठवला होता. मी दुसरे पत्र लिहिले. त्यात हाताच्या स्नायूंचा ताठपणा, स्प्लिंटचे कारण आणि दर आठवड्याचे मोजमाप होते. कंपनीने स्प्लिंटचे पैसे दिले, सत्रांचे दिले नाहीत. मला तेव्हा ते अपयश वाटले. पण पुढच्या वर्षी त्याच कंपनीकडे गेलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या वेळी स्प्लिंटवर प्रश्नच आला नाही.

पत्र पाठवूनही नकार कायम राहिला तर काय करायचे, हे तुमच्यासारख्या अनेकांना हवे आहे, म्हणून सविस्तर सांगते. पहिली गोष्ट, तक्रारदार तुम्ही नाही. पॉलिसी ज्याच्या नावावर आहे तो आहे. तुम्ही साक्षीदार आहात. ही मर्यादा आहे, पण मला तो दिलासाही वाटतो, कारण ‘स्वतःच्या धंद्यासाठी भांडते’ हा तुमचा संकोच तिथेच निम्मा होतो. २०२४ पासूनच्या नियमांनुसार क्लेम नाकारण्याचा निर्णय कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय होऊ नये, आणि नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करून कारण लेखी द्यावे, असे बंधन आहे. म्हणून वडिलांनी पहिल्यांदा तेवढेच मागावे : कोणत्या कलमाखाली नाकारला, ते लेखी द्या. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज. तिथे समाधान झाले नाही किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, तर विमा लोकपाल. लोकपालांकडे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, आणि कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत तिथे जावे लागते. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालये आहेत. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या ऑनलाइन व्यवस्थेवरही तक्रार नोंदवता येते. लोकांना वाटते की एवढ्या लहान रकमेसाठी कोण जाणार. पण रक्कम लहान असली तरी ‘पुनर्वसन’ या शब्दाचा अर्थ लेखी निर्णयात लागणे मोठे असते.

सकाळी येणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. २०१९ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत मानसिक आजार, वर्तनविषयक आणि मज्जाविकासविषयक विकार पॉलिसीतून वगळू नयेत असे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्येही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा असे आहे. तरीही, पॉलिसी जर दाखल होण्यापुरतीच असेल, तर आठवड्यातून तीनदा तुमच्या केंद्रात येणाऱ्या मुलाला तिचा उपयोग होत नाही. तो नकार अन्याय नव्हे. ती गोष्ट विकतच घेतलेली नव्हती. या पालकांसाठी खरा मार्ग नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेचा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अक्षमता असलेल्यांना तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि त्यात बाह्यरुग्ण थेरपीसाठी वेगळी मर्यादा राखलेली आहे. ती मर्यादा वर्षभराच्या सत्रांना पुरत नाही हे खरे. पण तुमच्या केंद्रातल्या किती पालकांनी नावनोंदणी केली आहे, हे विचारून पाहा. अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही म्हणून अडलेली घरे बरीच निघतील, आणि त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या तपासणीचा वार सांगणे हे तुमच्या हातातले काम आहे. ज्यांचे आईवडील मोठ्या कंपन्यांत आहेत, त्यांनी कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत थेरपीचा समावेश नूतनीकरणाच्या वेळी मागावा. ती बोलणी मनुष्यबळ विभाग करतो, आणि चार पालकांनी मिळून लिहिलेले पत्र तिथे वाचले जाते.

आता त्या कारकुनाकडे येते. त्याच्यावर रागावू नका. मराठीत ‘व्यवसाय’ म्हणजे धंदा किंवा नोकरी. आपल्या शास्त्रात मात्र त्याचा अर्थ माणूस दिवसभर ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो ती सगळी कामे, दात घासण्यापासून नातवाला कडेवर घेण्यापर्यंत. ‘व्यवसायोपचार’ ऐकून त्याला आयटीआय आठवला, यात त्याचे फारसे चुकले नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये आशियातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. इतका जुना पेशा जिल्ह्याच्या टेबलावर अजून अनोळखी आहे, कारण आपण मोठ्या रुग्णालयांच्या आतच राहिलो. पुढच्या वेळी अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात पदनाम नको, काम लिहा. ‘पक्षाघात झालेला रुग्ण घरी गेल्यावर स्वतः जेवू शकेल यासाठीचे उपचार आपल्या रुग्णालयात आज कोण करते?’ असा प्रश्न विचारला, की उत्तर शोधावेच लागते.

अर्ज तोंडी नको, आवक विभागात देऊन पोच घ्या. त्याआधी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा : जिल्हा रुग्णालयात आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (विकासात उशीर असलेल्या मुलांसाठीचे सरकारी केंद्र) व्यवसायोपचारतज्ज्ञाची किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, रिकामी असतील तर कधीपासून. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. मंजूर पद रिकामे असेल, तर मागणी ‘पद भरा’ अशी होते, आणि ती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पातळीवर पुढे सरकते. पदच नसेल, तर विषय राज्य पातळीवरचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा वार्षिक आराखडा जिल्ह्यांकडून वर जातो, आणि तो तयार होत असतानाच मागणी पोहोचली पाहिजे. आराखडा मंजूर झाल्यावर दिलेला उत्तम अर्जही वर्षभर फाइलीत पडून राहतो. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला, हे मुद्दाम लिहा. शाळांत आणि अंगणवाड्यांत विकासातला उशीर ओळखला जातो, पण ओळखल्यानंतर मुलाला पाठवायचे कुणाकडे, हा प्रश्न तुमच्या अर्जाचा कणा होऊ शकेल.

नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. तो पुष्कळदा साहित्य वाटून संपतो. मापाची नसलेली चाकाची खुर्ची घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली तुम्हीही पाहिली असेल. साहित्य देण्याआधी व्यक्तीचे आणि घराचे मूल्यमापन व्हावे, एवढी एकच मागणी घेऊन दिव्यांगांच्या स्थानिक संघटनेबरोबर जा. तिथे पुढे ते असू देत, तुम्ही मोजपट्टी घेऊन मागे.

कधी कधी कार्यालये आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागतात. त्या परिषदेच्या व्यावसायिकांच्या यादीत आपण नाही; आपली नोंदणी महाराष्ट्राच्या २००२ च्या कायद्याने झालेल्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते, आणि संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२१ च्या कायद्यात व्यवसायोपचाराचा स्वतंत्र वर्ग आहे. या दोन कायद्यांची नावे असलेला अर्धा पानाचा खुलासा कायम तयार ठेवा आणि प्रत्येक अर्जाला जोडा. वाद घालण्यात तासभर जातो, कागद जोडायला मिनिटही लागत नाही.

संघटनेबद्दलची तुमची नाराजी मला कळते. वर्गणी भरूनही आपल्या गावात काही बदलत नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दिल्ली-मुंबईत बैठकीला बसलेल्या पदाधिकाऱ्याला ‘आमचे क्लेम नाकारले जातात’ एवढेच सांगता येते. किती, कोणत्या कलमाखाली, कोणत्या शस्त्रक्रियेनंतर, हे त्याच्याजवळ नसते, कारण ते तुमच्या कपाटात असते. एक वही घाला. रुग्णाचे नाव नको; निदान, शस्त्रक्रियेची तारीख, उपचाराचे स्वरूप, पॉलिसी वैयक्तिक की सामूहिक, नाकारल्याचे कारण जसेच्या तसे, रक्कम, पुढे काय झाले. आजूबाजूच्या तीन-चार जिल्ह्यांतल्या सहकाऱ्यांना तीच वही घालायला सांगा, रुग्णांची संमती घ्या, आणि सहा महिन्यांनी ते सगळे राज्य शाखेकडे पाठवा. फिजिओथेरपिस्ट मित्रांनाही सोबत घ्या. त्यांचीही बिले याच कलमाखाली परत येतात, आणि ‘आम्ही त्यांच्यापेक्षा वेगळे’ अशी सुरुवात करून आजवर कुणाला काही मिळाल्याचे मी पाहिलेले नाही.

शेवटी तुमच्या संकोचाबद्दल. तुम्ही मागाल त्यातून तुमचाही फायदा होईल, हे खरे आहे आणि ते लपवू नये. अर्जातच लिहा की मी याच शहरात खासगी केंद्र चालवते. जिल्हा रुग्णालयात पद भरले गेले, तर तुमचे काही रुग्ण तिकडे जातील, कारण तिथे उपचार स्वस्तात होतील. तरीही तुम्ही ते पद मागायला गेलात. पत्र लिहिताना बहुधा तुमच्या ते लक्षात आले नसावे, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

आता सुताराचे काम या आठवड्यातच उरका. डिस्चार्जला सहा आठवडे झाले असे तुम्ही लिहिता. पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे दिवस किती आहेत ते आजच पाहून घ्या, कारण ६० असतील तर मोजके अठराच उरले आहेत. वडिलांना बोलावून बिल बदलता येणार नाही हे सांगा, आणि त्याच बैठकीत नवे पत्र, डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि मोजमापांचा तक्ता त्यांच्या हातात द्या. शल्यविशारदांनी थेरपी तोंडीच सांगितली असेल, तर त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात त्या तरुणाला स्वतः घेऊन जा आणि ती ओळ तारखेसह लिहून घ्या.